आजोबा गेलो

तांबोळी घराण्यात आजवर कोणी कोणाची काडीसुद्धा उचललेली नाही. हे वाक्य मकसूद तांबोळींनी तुंगार्लीला, थोरल्या बहिणीच्या ओसरीवर, उजवा हात छातीवर ठेवून उच्चारलं. त्यात कुणाला हसू येण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलं नाही. फाटकाबाहेर त्यांचा टेम्पो उभा होता. टेम्पोवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘न्यू सरवर बेकरी, वडगाव मावळ. हेच मूळ दुकान.’

नुसती सरवर बेकरी, म्हणजे बिगर न्यूची, त्याच बाजारात समोरच्या बाजूला आहे. ती त्यांचे धाकटे भाऊ रमीज चालवतात. वडिलांच्या मागे दुकानाची वाटणी झाली, त्याची हकीकत सगळ्या बाजाराला पाठ आहे. ती पुन्हा ऐकण्यात आता फक्त वकिलांना रस असेल.

रमीजभाई भावाचं वाक्य ऐकून फाटकाकडे बघत राहिले. दोघे भाऊ अम्मीच्या मयतीपासून एकमेकांशी बोलायला लागले होते आणि ते बोलणं अजून पाडाच्या आंब्यासारखं होतं, जास्त दाबून चालत नसे. येताना दोघांनीही आपापल्या भट्टीची खारी आणली होती. मेहरुनफुफूंनी, म्हणजे या थोरल्या बहिणीने, दोन्ही पुडे आत नेऊन ठेवले आणि चहाबरोबर दुकानातून आणलेली कंपनीची बिस्किटं मांडली. आज त्यांना निवाडा करायचा होता.

प्रश्न पावाचा नव्हता. पावाचा असता तर तो सुटला असता, कारण पावातलं सगळ्यांना कळतं. प्रश्न रमीजभाईंच्या मुलीच्या, शहिस्ताच्या, प्रबंधाचा होता.

शहिस्ता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे तास झाला तर पगार, आणि सुट्टीत ती शिक्षिका असते की नाही हे कोणी नक्की सांगू शकत नाही. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा, म्हणून तिने मावळातल्या बायका बाळंतपणात कोणती भाषा बोलतात यावर कित्येक वर्षं घालवली. प्रबंधातलं तिसरं प्रकरण तिने चुलतभाऊ इर्शादला दिलं होतं, जरा शुद्धलेखन बघ म्हणून. इर्शाद हा मकसूदभाईंचा मुलगा, दुसऱ्या कॉलेजात मराठीचा कायम प्राध्यापक. त्याने शुद्धलेखन बघितलं. पुढे तेच प्रकरण ‘मावळातील प्रसूतिविषयक शब्दसंपदा: एक अभ्यास’ या नावाने एका संशोधनपत्रिकेत छापून आलं. लेखक, डॉ. इर्शाद मकसूद तांबोळी.

हे शहिस्ताला कळलं ते प्रबंध परत आला तेव्हा. विद्यापीठाच्या संगणकाने तपासून सांगितलं होतं की यातला एक्केचाळीस टक्के मजकूर डॉ. तांबोळी यांच्या छापील लेखाशी जुळतो. महिनाअखेरपर्यंत खुलासा करा, नाहीतर प्रबंध बाद. नोंदणीची मुदत संपलेली, पुन्हा सादर करायची सोय नाही. चोराने फिर्यादीला चोर ठरवल्यासारखी गत झाली होती, आणि हे काम चोराने केलेलं नसून यंत्राने केलं होतं, त्यामुळे कुणाशी भांडताही येत नव्हतं.

उपाय एकच होता. इर्शादने संपादकांना कळवायचं की हा मजकूर माझा नाही, लेख मागे घ्या.

“मागे घेतला तर माझी बढती जाते,” इर्शाद म्हणाला. हे तो आल्यापासून तिसऱ्यांदा म्हणत होता, प्रत्येक वेळी थोड्या कमी आवाजात. “समितीपुढे फाइल गेलीय. त्यात हा एकच बरा लेख आहे.”

“बरा असणारच,” शहिस्ता म्हणाली.

“हे बघ बेटा,” मकसूदभाई पुतणीकडे वळले. “तुला डिग्री पाहिजे, याला बढती पाहिजे. घरातलीच दोन मुलं. एक जेवलं म्हणून दुसऱ्यानं उपाशी राहायचं असं थोडंच आहे? दोघांची नावं टाका. तुझं वर, याचं खाली. झालं?”

“बडे अब्बा, त्यानं एक शब्द लिहिलेला नाही.”

“शुद्धलेखन केलंय की.”

“आणि दोघांचं नाव टाकलं की मी माझंच प्रकरण माझ्याच मदतीनं चोरलं असं होईल. विद्यापीठाला तेही चालत नाही.”

मकसूदभाईंनी विद्यापीठाच्या या अडेलपणावर थोडा विचार केला. मग त्यांना मार्ग सुचला. “मग तुझ्या पुस्तकाच्या नावापुढं ‘नवीन’ लाव. आम्ही तेच केलं. एवढी वर्षं झाली, कोर्टालासुद्धा काही करता आलं नाही.”

रमीजभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. फुफूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बशी पुन्हा उचलली.

रमीजभाईंच्या मनात काय चाललं होतं ते शहिस्ताला माहीत असतं तर ती इथे आलीच नसती. सकाळीच भावाचा फोन येऊन गेला होता. ईदनंतर दोन्ही दुकानांचा मैदा एकत्र मागवू, म्हणजे स्वस्त पडेल. मैदा हे निमित्त होतं. भाऊ स्वतःहून एकत्र हा शब्द बोलला होता. तेव्हा रमीजभाई घसा खाकरून म्हणाले, “शहिस्ता, तू दुसरं प्रकरण लिहू शकतेस की. हुशार आहेस. एवढं लिहिलंस, अजून एक.”

शहिस्ताने वडिलांकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक शिळ्या पावाकडे पाहतं. रागाने नाही, फक्त खात्री करून घ्यायला.

“अब्बा, एका प्रकरणाला मला चार पावसाळे लागले. बेडशाच्या नंदाबाईंच्या घरी मी बसले, पवनेच्या काठानं फिरले. तुम्हीच म्हणायचात, बेकरीत हात लावायला माणूस नाही आणि पोरगी शेतकऱ्यांच्या बाळंतिणींशी गप्पा मारत बसलीय.”

“ते म्हणायचो,” रमीजभाई म्हणाले.

आता बाजू अशा होत्या: एका बाजूला मकसूदभाई, इर्शाद, इर्शादची बायको नूर, आणि आत्ताच या बाजूला आलेले रमीजभाई. दुसऱ्या बाजूला शहिस्ता. मेहरुनफुफू मध्ये. फुफूंचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या बंगल्यांच्या राखणदारीत आयुष्य काढून बसल्या होत्या, आणि दुसऱ्याच्या मालाला दुसऱ्याचा माल म्हणायची त्यांना सवय होती. पण भावांचं बोलणं मोडावं असंही त्यांना वाटत नव्हतं.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “हे तुम्ही वाचलंय कुणी?”

शहिस्ता सोडून कोणी वाचलं नव्हतं. पंधरा दिवस दोन्ही घरांत या लेखावरून रुसवेफुगवे होते, जेवणं राहिली होती, एक लग्नाची बोलणी पुढे ढकलली गेली होती, पण लेख कुणी वाचला नव्हता. पुरुषांना विषय बायकांचा वाटला आणि बायकांना तो संशोधनाचा वाटला.

“नूर, तू वाच. इर्शादचं आधी.”

नूरने नवऱ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. आपली भाषा चांगली आहे यावर त्याचा विश्वास होता, आणि ती आपली नाही हे तो बहुतेक विसरला होता. नूरने शहिस्ताच्या पिशवीतून छापील प्रत घेतली आणि चांगल्या आवाजात सुरुवात केली.

“‘अभ्यासासाठी मी प्रथम बेडसे या गावी गेलो. सकाळी गावातील पुरुष शेतावर गेलो की स्त्रिया...’”

“कोण गेलो?” मकसूदभाई म्हणाले.

“पुरुष गेलो.”

“पुरुष गेले म्हण.”

“लिहिलंय तसं वाचतेय, अब्बा.” नूर पुढे गेली. “‘असे अनेक शब्द माझ्यासमोर उच्चारले गेलो. सासरी नांदायला गेलोल्या मुली...’ गेलोल्या?”

“छपाईची चूक आहे,” इर्शाद म्हणाला.

शहिस्ता हसली नाही. मराठीच्या शिक्षिकेसारखी, खडूने फळ्यावर लिहावं तितक्या शांतपणे म्हणाली, “चूक नाही. मी बाई आहे, म्हणून मी लिहिलं होतं, ‘मी गेले’. ‘मी बसले’. त्याला ‘मी गेलो’ करायचं होतं. एकेक वाक्य बघायचा कंटाळा. संगणकाला सांगितलं, जिथं जिथं ‘गेले’ असेल तिथं ‘गेलो’ कर. संगणकाला काय कळणार कोण गेलंय? त्यानं सगळ्यांना गेलो केलं.”

“सगळ्यांना?” फुफूंनी विचारलं.

“सगळ्यांना. पुढं वाच, नूर. बेकरीचा परिच्छेद.”

इर्शाद म्हणाला, “त्याची गरज नाही.” त्यामुळे नूरने तो लगेच शोधला.

“‘बाळंतिणीला चहात बुडवून टोस्ट देण्याची पद्धत या भागात बेकऱ्या आल्यानंतरची. वडगावात पहिली भट्टी माझ्या आजोबांनी, सरवर तांबोळी यांनी घातली. पुढे आजोबा गेलो आणि दुकानाचे दोन भाग झाले.’”

टेम्पोचा ड्रायव्हर बाहेर गाणं लावून बसला होता, ते ऐकू येऊ लागलं.

“अब्बा गेलो?” मकसूदभाई म्हणाले.

“छपाईची—” इर्शाद म्हणाला.

“माझा बाप गेलो?”

“अब्बा, व्याकरणाचा भाग आहे तो, तुम्ही मनाला लावून...”

“व्याकरण तुझ्याकडं. माझा बाप छापून आला, पहिल्यांदा छापून आला आयुष्यात, तर गेलो?” मकसूदभाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हे कुणी कुणी वाचलं असेल?”

हा प्रश्न संशोधनपत्रिकांच्या बाबतीत सहसा विचारत नाहीत.

रमीजभाईंनी पहिल्यांदा भावाच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांचा बाप एकच होता आणि तो एकदमच गेलो झाला होता. मैद्याने जे होणार होतं ते असं झालं. पण यात शहिस्ताचा काही फायदा नव्हता. मकसूदभाई चिडले होते ते व्याकरणावर, चोरीवर नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “एवढं दुरुस्त करून घे. ‘गेले’ करून घे. मग राहू दे लेख.” रमीजभाईंनीही मान डोलावली.

शहिस्ताने निघायला म्हणून पिशवी उचलली. तिच्या लक्षात आलं की आपण या ओसरीवर चुकीच्या गोष्टीचा न्याय मागत होतो.

नूर मात्र वाचतच होती, मनातल्या मनात. तिची बोटं एका ओळीवर थांबली. मग ती मोठ्याने वाचू लागली, मघाच्यापेक्षा सावकाश.

“‘नंदाबाईंच्या सुनेच्या बाळंतपणात मी तिच्या खोलीत शेगडीपाशी कितीतरी दुपारी बसलो. अंगाला तेल लावताना, बाळाला पाजताना ती जे बोलत होती ते मी तिच्या उशाशी बसून टिपून घेतले.’”

तिने कागद मांडीवर ठेवला. “अहो, तुम्ही बसला होतात?”

“ती शास्त्रीय लेखनाची पद्धत असते,” इर्शाद म्हणाला. “संशोधक प्रथमपुरुषात लिहितो.”

“प्रथमपुरुष म्हणजे तुम्हीच ना?”

“तसं नाही गं.”

“माझ्या बाळंतपणात तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायचात. शेगडीच्या धुरानं डोकं धरतं म्हणून. मला पाणी द्यायला शेजारची येसूबाई यायची. आणि बेडशाला जाऊन दुसऱ्याच्या बायकोच्या उशाशी कितीतरी दुपारी?”

“बेटा, तेल लावताना?” फुफूंनी विचारलं. त्यांना खरंच माहिती हवी होती.

इर्शादला वाटलं, आपण एका सभ्य माणसाचा लेख लिहिला होता आणि त्यात कुणीतरी भलताच माणूस शिरलाय. तो माणूस बाळंतिणीच्या खोलीत बसतो, मुली नांदायला गेलोल्या बघतो, आणि त्याचं नाव डॉ. इर्शाद मकसूद तांबोळी आहे. “फुफू, मी कशाला जाईन तिथं?”

“मग छापलंस कशाला?”

उत्तराची वाट न बघता फुफूंनी फोन उचलला. बेडशाच्या नंदाबाई आणि त्या लोणावळ्याच्या बाजारात भाजी विकत घेता-देता झालेल्या मैत्रिणी.

“नंदा, एक विचारायचं होतं. स्नेहलच्या बाळंतपणात आमच्यातलं कोण यायचं तुझ्याकडं?”

“शयिस्ता की,” फोनमधून आवाज आला. फुफूंना ऐकायला कमी येत असल्याने त्यांचे सगळेच फोन सगळ्यांना ऐकू येत. “लय बसायची पोरगी. माज्या सुनंला म्हनायची, ह्यो शबुद परत म्हन. का वं?”

“आणि आमचा इर्शाद?”

“मास्तर? त्यो कशाला यील बाळंतिनीकडं? एकडाव लेन्या बगाया आल्ता कालिजची पोरं घिऊन. पानी पिऊन गेला. त्ये बी भायेरच्या भायेर.”

“त्यानं छापलंय, तो खोलीत बसायचा म्हणून.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज आला. “कुनाच्या खोलीत?”

“स्नेहलच्या.”

“मेहरुनबी, ह्ये आमच्या निलेशला सांगू नगासा.”

“नाही सांगत.”

“तुमी न्हाई सांगत, पर त्यो हितंच बसलाय जेवाया. माझा बी फोन मोट्या आवाजावर हाय.”

ताटली सरकवल्याचा आवाज झाला आणि फोनवर निलेश आला. नंदाबाईंचा मुलगा, स्नेहलचा नवरा, तळेगावच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा, बोलायला मऊ.

“इर्शादसर हायेत का तितं?”

“आहे,” फुफू म्हणाल्या आणि फोन इर्शादपुढे धरला.

“सर, नमस्कार. तुमी कवा आल्ता आमच्या घरात? न्हाई, मी शिफ्टला असतो, म्हनून इचारतो.”

“मी आलोच नव्हतो, निलेश.”

“मग छापलंय म्हनत्यात त्ये?”

इर्शादने समोर पाहिलं. बाप टोपीकडे बघत होता. बायको त्याच्याकडे बघत होती. बढतीची समिती या क्षणी फार लांब होती, आणि बेडसे कामशेतच्या रस्त्याने अगदी जवळ.

“ते माझं नाही,” तो म्हणाला. “मी लिहिलेलं नाही ते. शहिस्तानं लिहिलंय. मी नुसतं नाव घातलं.”

“म्हंजे तुमी नुसती चोरी केलीया?”

“व्हय,” इर्शाद म्हणाला. तो पुणेरी मराठी बोलणारा माणूस, पण समोरच्याला पटावं म्हणून त्याने तसं उत्तर दिलं असावं.

“मग काय हरकत न्हाई,” निलेश म्हणाला. “आयला घाबरलो की मी. मावशीला सलाम सांगा.”

फोन बंद झाल्यावर सगळ्यांना जरा हलकं वाटलं. नूरलाही. मुलगा फक्त चोर निघाला, या बातमीने मकसूदभाईंनी टोपी पुन्हा घातली. पण एवढ्या साक्षीदारांसमोर कबूल केल्यावर आता मागे जायला वाट नव्हती, आणि शहिस्ताने पिशवी पुन्हा खाली ठेवली होती.

“लिही,” ती म्हणाली.

इर्शादने फोनवर ई-मेल लिहायला घेतला आणि वाचून दाखवला. “‘काही तांत्रिक कारणास्तव सदर लेख मागे घेण्यात यावा.’”

“कारण तांत्रिक नाही.”

“‘अनवधानाने अन्य अभ्यासकाचा मजकूर समाविष्ट झाल्याने...’”

“अनवधानाने म्हणजे काय?” फुफूंनी विचारलं.

“न कळत.”

“न कळत नाव कसं घातलंस स्वतःचं?”

“फुफू, अशी भाषा असते या क्षेत्रात.”

“असेल. तू बेडशाला बोललास तशी लिही. तिकडं लगेच समजलं.”

त्याने ‘संदर्भ देण्यात त्रुटी’ करून बघितलं. शहिस्ताने विचारलं, अख्ख्या प्रकरणाचा संदर्भ असतो का. त्याने ‘सहकारी’ लिहिलं, तिने ‘सहकारी नाही, बहीण’ म्हटलं, मग तेही काढायला लावलं आणि पूर्ण नाव घालायला सांगितलं. रमीजभाई पुढे झाले आणि म्हणाले, “शहिस्ता रमीज तांबोळी. रमीज ऱ्हस्व लिहू नकोस.” मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ते बिस्किट उचलून खाऊ लागले, जे त्यांना मुळीच आवडत नव्हतं.

शेवटी गेलेला मजकूर असा होता: हा लेख माझा नाही. तो शहिस्ता रमीज तांबोळी यांच्या अप्रकाशित प्रबंधातला आहे. मी त्यांना न विचारता माझ्या नावाने छापला. तो मागे घ्यावा आणि कारण म्हणून हेच छापावं.

“बढती गेली,” इर्शाद म्हणाला आणि पाठवायचं बटण दाबलं.

“मला वाईट वाटतं त्याचं,” शहिस्ता म्हणाली. तिला खरंच वाटत होतं. “पण माझी डिग्री जात होती.”

जाताना मकसूदभाईंनी धाकट्या भावाला टेम्पोतून वडगावपर्यंत सोडलं. दोघे ‘हेच मूळ दुकान’च्या पुढे, केबिनमध्ये बसून गेले. मैद्याचं काय ठरलं ते त्या दोघांनाच माहीत.

संपादकांनी लेख काढला आणि कारणही छापलं, फक्त ‘न विचारता छापला’ याला ‘अनुचित उसनवारी’ म्हटलं. शहिस्ताने ते पान खुलाशाला जोडलं. खुलासा मान्य झाला, प्रबंध परीक्षकांकडे गेला.

पुढच्या सोमवारी इर्शाद आपल्या कॉलेजच्या ऑफिसात गेला. फाइलमधला तो लेख आता काढून टाका, असं त्याने हेडक्लार्क समर्थ यांना पडेल आवाजात सांगितलं, आणि गुण किती कमी होतील ते विचारलं.

“कुठला, बाळंतपणाचा?” समर्थ म्हणाले. “तो धरलाच नव्हता, सर. ती पत्रिका मान्यताप्राप्त यादीत नाही.”